डबीवर खरं नाव लिहा

थुंकीतले क्षयाचे जंतू नुसते पाहिले तर सूक्ष्मदर्शकाखालीही ओळखू येत नाहीत, कारण त्यांना स्वतःचा रंगच नसतो. म्हणून प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आम्ही मुली दिवसभर काचपट्ट्या रंगवत असतो. घरचे हसून विचारतात, "आज किती रंगवल्या?"

काम थोडं मेंदीसारखंच. मेंदी गडद व्हावी म्हणून आपण हात शेकतो ना, तसंच. काचेवर थुंकीचा पातळ थर पसरून सुकवायचा, त्यावर लाल कार्बोल फुक्सिन ओतायचं आणि वाफ येईपर्यंत खालून शेक द्यायचा. उकळू मात्र द्यायचं नाही. पाच मिनिटांनी धुवायचं. या जंतूभोवती मेणासारखं कवच असतं. उष्णतेमुळे रंग त्यातून आत शिरतो. मग २५ टक्के गंधकाम्ल घालायचं. इतर पेशींचा लाल रंग त्याने उतरतो, या जंतूचा उतरत नाही. शेवटी मिथिलीन ब्लू. मग हजारपट मोठं करून पाहिलं की निळ्यावर बारीक लाल काड्या दिसतात.

रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली बर्लिनमध्ये हा जंतू जगापुढे आणला, तोही रंगाच्याच मदतीने. आमची पद्धत पुढे झील आणि नीलसन या जर्मन डॉक्टरांच्या नावाने रूढ झाली.

एकदा एक खाला भाचीची डबी घेऊन आल्या. हळूच म्हणाल्या, "बेटी, दुसरं नाव लिही. पोरीच्या रिश्त्याची बोलणी चालू आहेत."

आम्ही म्हटलं, "खाला, नाव बदललं तर दवा कुणाला मिळणार?"

त्या गप्प झाल्या. नाव खरंच राहिलं. पट्टीवर लाल काड्या निघाल्या आणि त्याच आठवड्यात दवा सुरू झाली. तो रिश्ता टिकला नाही, हे खरं. पण सहा महिन्यांनी ती मुलगी शेवटच्या तपासणीला एकटी, चालत आली.

रंग कुणाचं खानदान विचारत नाही; लपवाछपवी आपणच करतो. त्या दिवसांत घरातली लहान मुलं त्याच हवेत श्वास घेत असतात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात जा. तपासणी आणि दवा दोन्ही मोफत आहेत. पट्टीत काही निघालं नाही आणि खोकला थांबला नाही, तर डॉक्टरांना पुढची तपासणी विचारा. आणि डबीवर खरं नाव लिहा.