पुढचा एक मागे गेला

माउली, वीस वर्षे दिंडीत पताका माझ्या खांद्यावर होती. यंदा गुडघ्यांनी साथ सोडली, तेव्हा विणेकरी बुवांनी मला मागच्या रांगेत चालायला सांगितले. मुखी नाम होते, पण मन कडवट झाले होते.

दुपारच्या विसाव्याला एक जुनी संख्या आठवली. शाळेत गणित शिकवताना ती मी मुलांना हमखास सांगत असे. आपणही कागद घेऊन करून पाहा. संख्या आहे १४२८५७. हिला तीनने गुणा, ४२८५७१ येतात. पुढचा एक शेवटी गेला, बाकीचे त्याच क्रमाने पुढे सरकले. दोनने गुणा, २८५७१४. चार, पाच, सहा, कशानेही गुणा. तेच सहा अंक, तोच क्रम, फक्त आरंभ बदलतो.

कारण साधे आहे. एकाला सातने भागत गेले की बाकी १, ३, २, ६, ४, ५ अशी उरते आणि पुन्हा १ येते. बाकी रिंगण धरते, म्हणून भागाकाराचे अंकही रिंगण धरतात. रिंगणात पहिला कोण आणि शेवटचा कोण?

आता सातने गुणा. ९९९९९९! पुढचा-मागचा ओळखूच येत नाही.

एक मागे गेला म्हणून संख्या घटली नव्हती, तिप्पट झाली होती. मी टाळ घेऊन मागच्या रांगेत उभा राहिलो. शेजारचे वृद्ध वारकरी माझ्या पायांशी वाकले, "या माउली." मीही वाकलो. गुडघे दुखले, पण मन हलके झाले.

रामकृष्णहरी.