ताब्यात आहे, ध्यानात नाही

कागदाचा एक स्वभाव आहे. तो हवा असतो तेव्हा सापडत नाही आणि सापडतो तेव्हा नको असतो. रेशनकार्ड शोधायला बसावं तर थोरल्या भावाच्या मुंजीची पत्रिका हाती लागते. पत्रिका बाजूला ठेवून पुन्हा शोधावं, तर खालून न भरलेलं विजेचं बिल निघतं.

घरगुती भांडणात याने काही अडत नाही. तिथे पुरावा केव्हाही दाखल करता येतो. एका लग्नात मी म्हणे सौ.च्या माहेरच्यांना सोडून भलत्याच पंगतीला बसलो होतो. हा पुरावा परवा, तब्बल ३१ वर्षांनी पुढे आला आणि जागच्या जागी मंजूरही झाला. वादी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकच असल्यावर मुदतीचा प्रश्न येतो कुठे?

धंद्यातल्या भांडणाला मात्र ही सवलत नाही. हे मला कळलं ते आमच्या जानेफळच्या मामांमुळे.

जानेफळ हे बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यात. तिथे मामांचं धान्याचं दुकान आहे. त्यांचा अर्धा हिशेब डोक्यात असतो आणि अर्धा भिंतीवरच्या तारेत. चिठ्ठी आली की तारेत टोचायची, दिवाळीला तार भरली की ती माळ्यावर आणि भिंतीवर नवी तार. मामांनी एका डाळमिलवाल्याला सात लाखांची तूर दिली. पैसे काही येईनात. तगादा लावला तेव्हा उत्तर आलं, "माल पोचलाच नाही!"

आता ती तूर मामांच्या शेतातली थोडीच होती? गावातल्या शेतकऱ्यांची तूर त्यांनी शब्दावर उचललेली. ती माणसं रोज सकाळी दुकानासमोर येत, पैशाचं अवाक्षर न काढता पावसाबद्दल बोलत आणि चहा न घेता जात. मामा मला म्हणाले, "तोंडावर मांगतले असते तं बरं झालं असतं, बाप्पा. हे पान्याचं बोलनं लई जड जाते."

शेवटी वकील गाठला. मीही सोबत गेलो. शिकलेला भाचा बरोबर असला की वकील कमी बोलतो, असा मामांचा समज. वकीलसाहेब दीड तास बोलले. २०१५ साली व्यापारी न्यायालयांचा कायदा झाला. २०१८ पासून धंद्यातलं तीन लाखांचं किंवा त्यावरचं भांडण त्यात येतं. आधी मध्यस्थी, मग दावा. आणि दाव्यासोबत शपथेवर लिहून द्यायचं की, माझ्या अधिकारात, ताब्यात, नियंत्रणात आणि कब्जात असलेले या भांडणातले सगळे कागद मी दाखल केले आहेत.

"सगळे?" मामा दचकले. "वकीलसाहेब, घरात किती कागद हायेत हे घरालेच ठाऊक नाही!"

पण नियमाला कारण आहे. पूर्वी दावा निकालाला आला की कुणीतरी कोटाच्या आतल्या खिशातून एक कागद काढायचा आणि गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनवर! बाप दावा लावायचा आणि नातू तारखेला जायचा. म्हणून आता घड्याळ दोघांनाही. प्रतिवादीने १२० दिवसांत लेखी उत्तर दिलं नाही, तर १२१व्या दिवशी त्याचा हक्कच जातो.

मग तारेची निघाली. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात असं होतं की, नेमाने लिहिलेल्या हिशेबवहीतली नोंद ग्राह्य, पण तेवढ्या एकट्या नोंदीवर कुणाला देणेकरी ठरवता येत नाही. जुलै २०२४ पासून नवा कायदा आला. हे कलम त्यातही आहे. शिवाय १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने जैन हवाला प्रकरणात सांगितलं की स्पायरल वही ही वही, पण फायलीतले सुटे कागद म्हणजे वही नव्हे.

"स्पायरल म्हंजे?" मामांनी विचारलं.

"तारेत ओवलेली."

"मंग माये कागद कायात हायेत?"

वकीलसाहेबांनी पाणी मागवलं.

दावा लागला. मध्यस्थीकडे समोरचा फिरकलाच नव्हता. पुढे दिवाळीच्या झाडलोटीत मामींनी बालाजीची तसबीर खाली घेतली, तर मागून एक चिठ्ठी पडली. मिलचा शिक्का, सही आणि वर लिहिलेलं : माल पोचला, वजन बरोबर.

मामा नाचायचेच बाकी होते. वकीलसाहेबांनी मात्र कपाळाला हात लावला. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने सुधीर कुमार प्रकरणात म्हटलंय की दाव्याच्या वेळी कागद हाती नव्हता, नंतर मिळाला, तर 'आधी का नाही दिला' याचं वाजवी कारण सिद्ध करण्याची अट लागत नाही. पण तसबीर मामांची, भिंत मामांची. म्हणजे चिठ्ठी ताब्यात होतीच, फक्त ध्यानात नव्हती. आणि कायद्याने मोजलेल्या त्या चार शब्दांत 'ध्यान' कुठेच नाही! तेव्हा वाजवी कारण दाखवणं आलं.

मी मामांना म्हटलं, "एवढी महत्त्वाची चिठ्ठी तुम्ही देवामागे ठेवलीत कशी?"

"भांडन होईल असं वाटलं असतं तं तिजोरीत नसती ठेवली? माल सुखरूप पोचला म्हनून देवाजवळ ठेवली."

मला वाटतं, उशिरा सापडणाऱ्या बहुतेक कागदांचं वाजवी कारण हेच असावं. लबाडाचा कागद मुद्दाम उशिरा येतो, भाबड्याचा आपोआप. दोन्ही एकाच दारातून येतात, आणि दारावर बसलेल्या माणसाला नुसत्या तोंडावरून त्यांतला फरक ओळखायचा असतो. मुदत पाळायची तर भाबडा बुडतो, सोडायची तर लबाडाचं फावतं. ते वाजवी कारणाचं भोक ठेवलंय ते यासाठीच. आणि ते बारीक ठेवलंय तेही यासाठीच.

न्यायालयाने चिठ्ठी घेतली. उशिराबद्दल मामांवर खर्च बसवला आणि समोरच्याला उत्तराची संधी दिली. निकाल अजून व्हायचाय. पण ही बातमी जानेफळला पोचली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळची मंडळी दुकानासमोर जमली. पावसाचा विषय निघालाच नाही. एकाने सरळ विचारलं, "मंग भाऊ, आमचे पैसे कधी?"

मामा इतके हरखले की त्यांनी सगळ्यांना बसवून चहा पाजला.