उजेड किती आणि केव्हा

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्गाला मी भौतिकशास्त्र शिकवतो. इलेक्ट्रॉनचा ‘स्पिन’ आला की मराठी घरातल्या मुलाला भोवरा आठवतो, कन्नड घरातल्याला बुगुरी. दोघांनाही सांगावे लागते, की इलेक्ट्रॉन खरोखर गरगर फिरत नाही. स्पिन हा त्याचा अंगभूत गुण. त्यामुळे तो इवल्याशा चुंबकासारखा वागतो. मोजायला गेले तर दिशा दोनच, वर किंवा खाली.

ही दिशा विजेने वाचता येते. सिलिकॉनमध्ये फॉस्फरस मिसळला, की अतिथंड अवस्थेत त्याच्या प्रत्येक अणूपाशी एक जादा इलेक्ट्रॉन राहतो. पृष्ठभागाशी, ऑक्साइडच्या थराखाली, काही तुटके बंध असतात. तिथेही एकेक इलेक्ट्रॉन असतो. शेजारच्या या दोघांचे स्पिन विरुद्ध असतील, तर पहिला दुसऱ्याच्या जागी उडी घेतो. सारखे असतील, तर पाउलीचा नियम आडवा येतो. उडी पडली की मोकळे विद्युतभार खर्ची पडतात आणि प्रवाह किंचित घटतो. म्युनिकजवळच्या गार्खिंग येथील प्रयोगात 2006 साली फॉस्फरसच्या स्पिनची उलटापालट अशीच विजेने टिपली गेली.

पण एवढ्या थंडीत सिलिकॉनमध्ये मोकळे भार जवळजवळ नसतातच. ते प्रकाश टाकून निर्माण करावे लागतात. त्याला सुमारे 1.1 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात ती भरपूर असते.

अडचण इथेच आहे. मोकळे झालेले इलेक्ट्रॉन स्पिनला धक्के देतात. शिवाय वाचताना तो इलेक्ट्रॉनच जागा सोडतो. शुद्ध सिलिकॉन-28 मध्ये, अंधारात, असा स्पिन सेकंदांच्या घरात टिकल्याचे 2012 मध्ये दिसले. पृष्ठभागाशी, उजेडात, तो मायक्रोसेकंदांत हरवतो.

“सर, उजेडाशिवाय वाचता येत नाही, आणि उजेडानेच बिघडते. मग करायचे काय?” एका विद्यार्थिनीने विचारले. शेजारची म्हणाली, “विरजण लावल्यावर आई भांडे हलवू देत नाही, तसेच हे.” वर्ग हसला, पण उत्तर जवळचे होते. संशोधकांनी पुढे तेच केले. स्पिनवर काम चालू असताना दिवा बंद, फक्त वाचण्याच्या वेळी चालू. सिडनीच्या गटाने तर 2010 मध्ये प्रकाशाशिवाय, एकाच इलेक्ट्रॉनचा स्पिन विजेने वाचून दाखवला. क्वांटम संगणकाची स्मृती अशा स्पिनमध्ये साठवायची, तर टिकवणे आणि वाचणे दोन्ही साधावे लागेल.

प्रश्न विचारणाऱ्या मुलीला एम.एस्सी. करायचे आहे. घरी मात्र रोज एकच विचारणा, “याचा उपयोग काय? नोकरी कधी?” विचारणे चूक नाही, काळजीपोटीच ते येते. पण पालकांना एवढेच सांगावेसे वाटते, विचारा जरूर, फक्त रोज नको. मोसरु लागायलाही एक रात्र द्यावी लागते.