सब्जेक्ट मिळेल का, सब्जेक्ट?

ऐंशीच्या दशकात मानसशास्त्र घेतलेली आम्ही मुलं प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी एकच गोष्ट शोधत फिरायचो : सब्जेक्ट. धाकटी बहीण, रूम पार्टनर, ज्युनिअर, जो हाती लागेल तो. त्याला आरशासमोर बसवायचं आणि कागदावरची चांदणी फक्त आरशात बघून गिरवायला सांगायची. उजवीकडे न्यावी तर पेन्सिल भलतीकडेच पळायची. आम्ही स्टॉपवॉच धरून चुका मोजायचो आणि शेवटी त्या घामाघूम जिवाला कटिंग पाजायचो. मजा यायची, खोटं कशाला बोला!

संमती वगैरे कुणाच्या गावीही नव्हती. ज्युनिअर नाही म्हणणार कसा? जर्नलमध्ये त्याचं नाव, वय, शिक्षण ठळक अक्षरात. बुद्धिमापन चाचणीतला आकडा तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या होस्टेलला ठाऊक. कमी आकडा आलेल्याला पुढे वर्षभर काय काय ऐकावं लागे, ते ‘निष्कर्ष’ या रकान्यात येत नसे.

माणूस हुकूम कुठवर पाळतो हे पाहणारा, मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रमचा प्रयोग सर रंगवून सांगायचे. येल विद्यापीठ, १९६१. तासाचे चार डॉलर, वर येण्याजाण्याचे पन्नास सेंट. दुसऱ्याचं उत्तर चुकलं की त्याला शॉक द्यायचा, त्यासाठी १५ ते ४५० व्होल्टची बटणं. शॉक खोटे, पण देणाऱ्याला ते खरेच वाटत. ४० पैकी २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेले, हे ऐकून वर्ग चिडीचूप. त्या माणसांना दरदरून घाम फुटला, कुणी थरथरलं, काहींना भलतंच हसू आवरेना, हे मात्र ओघात उरकलं जाई. मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६४ मध्येच सब्जेक्टना मिळालेल्या या वागणुकीवर जाहीर आक्षेप घेतला होता. आमच्या नोट्समध्ये त्यांचं नावसुद्धा नव्हतं.

पुढे मानसशास्त्रज्ञ जेरी बर्गर यांनी तोच प्रयोग काळजी घेऊन पुन्हा केला, २००९ मध्ये तो छापून आला. १५० व्होल्टला थांबायचं, मनाने हळव्या माणसांना आधीच वगळायचं, शॉक खोटे होते हे संपताक्षणी सांगायचं. मला सगळ्यात पटली ती पैशांची गोष्ट : ५० डॉलर सुरुवातीलाच हातात, मधेच उठून गेलात तरी तुमचेच. उठायची मुभा म्हणतात ती ही.

आपल्याकडेही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत वर्तनशास्त्रीय संशोधनाला वेगळं प्रकरण आहे. एथिक्स कमिटी आली, नावाच्या जागी कोड आला. चांगलंच झालं. पण आजची मुलं गूगल फॉर्म व्हॉट्सअॅपवर सोडतात, समोरचा न वाचताच ‘मला मान्य आहे’वर टिक करतो. सब्जेक्टचं तोंडही दिसत नाही, मग तो कंटाळला की घाबरला हे कळणार कुणाला? आणि सरांनी पाठवलेला फॉर्म टाळायची हिंमत आजच्या विद्यार्थ्यातही फारशी नाही.

म्हणून प्राध्यापक मंडळींना एक विनंती. आपल्याच वर्गात प्रश्नावली वाटणार असाल, तर कुणी भरली नाही हे आपल्याला कळणार नाही अशी सोय करा, आणि तेवढा वेळ वर्गाबाहेर थांबा.