कुणाच्या खिशातली सवलत?

लंडनच्या बहुतेक भागांत 20 नोव्हेंबर 2024 पर्यंत ज्या भाडेकरूचा अर्ज कौन्सिलकडे पोचला, त्याला आपलं राहतं घर विकत घेताना जास्तीत जास्त 1,36,400 पौंडांची सवलत मिळू शकत होती. दुसऱ्या दिवशी पोचलेल्या अर्जाला कमाल 16,000 पौंड. एकाच जिन्यातली, समोरासमोर दारं असलेली दोन कुटुंबं घ्या. भाडं सारखं, राहिलेली वर्षं सारखी. एकाने अर्ज बुधवारी टाकला, दुसऱ्याने गुरुवारी. फरक एक लाख वीस हजार पौंडांचा.

मी मूल्यांकनकार आहे. कौन्सिलची घरं भाडेकरूंना विकताना त्यांची बाजारातली किंमत ठरवणं हा माझ्या कामाचा मोठा भाग. ही कपात 30 ऑक्टोबरच्या बजेटमध्ये जाहीर झाली आणि मधल्या तीन आठवड्यांत देशभरच्या कौन्सिलांवर अर्जांचा नुसता पाऊस पडला. आमच्या धंद्यात किंमत धरायची ती अर्जाच्या तारखेची, त्यामुळे ‘नोव्हेंबरचा भाव’ काढत आम्ही पुढे कित्येक महिने जिने चढत होतो. जिथे जावं तिथे एकच प्रश्न यायचा, हे न्याय्य आहे का? ज्याला मिळालं तो जरा ओशाळून विचारायचा आणि ज्याचं हुकलं तो चिडून.

कौन्सिल म्हणजे आपल्याकडची महापालिका समजा. पहिल्या महायुद्धानंतर, 1919 च्या कायद्यापासून, ब्रिटनमध्ये कौन्सिलांनी मोठ्या प्रमाणावर घरं बांधली आणि कमी भाड्याने दिली. दुसऱ्या महायुद्धानंतर हा वेग आणखी वाढला. 1980 च्या सुमाराला देशातली जवळपास एक तृतीयांश कुटुंबं अशा घरांत राहत होती. त्यात बसचालक होते, परिचारिका होत्या, गिरणीकामगार होते, शाळामास्तरही होते. कौन्सिलच्या घरात राहणं म्हणजे गरिबीचा शिक्का, असं तेव्हा कुणी मानत नव्हतं.

मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने 1980 साली कायदा करून या भाडेकरूंना राहतं घर विकत घ्यायचा हक्क दिला. ‘राइट टू बाय’ हे त्याचं नाव. तीन वर्षं राहिलेल्याला किमतीत 33 टक्के सूट, पुढे दर वर्षाला एक टक्का वाढत 50 टक्क्यांपर्यंत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये थॅचरबाई लंडनच्या पूर्व टोकाला हॅरोल्ड हिल इथे एका कुटुंबाच्या घरी गेल्या, कागदपत्रं हवाली केली, चहा घेतला. तो फोटो आजही या विषयावरच्या प्रत्येक लेखासोबत छापला जातो. पुढे कमाल सूट 60 टक्के झाली आणि 1986 साली फ्लॅटसाठी 70 टक्के. एकट्या इंग्लंडमध्ये आजवर सुमारे 20 लाख घरं अशी विकली गेली.

आता या किमती निघतात कशा ते सांगतो, कारण न्यायाचा प्रश्न तिथेच पहिल्यांदा हाताला लागतो. वूलिचजवळच्या एका जुन्या इमारतीत मी एका निवृत्त बसचालकाच्या घरी गेलो होतो. जमैकाहून तरुणपणी आलेला माणूस. त्याने स्वयंपाकघर स्वतः नव्याने केलं होतं. काळा दगडी ओटा, भिंतीला टाइल्स, खालच्या कपाटांना आत-बाहेर सरकणारे खण. एकेक खण उघडून दाखवत होता. मी मापं घेतली, फोटो काढले आणि टिपणात लिहिलं, ‘भाडेकरूने केलेली सुधारणा, किमतीत धरू नये.’ कायदाच तसा आहे. भाडेकरूने स्वतःच्या पैशाने घर सुधारलं तर ती वाढ किमतीतून वगळायची, नाहीतर स्वतःच केलेल्या कामाचे पैसे त्याला पुन्हा मोजावे लागतील. हे ऐकून तो खूश झाला. शेजारच्या घराचाही अर्ज होता. तिथे भिंतींचे पोपडे सुटलेले, दारं निखळलेली. पण भाडेकरूने केलेली हेळसांडही किमतीत धरायची नसते. म्हणजे दोन्ही घरांचा भाव एकच. बसचालकाला हे कळलं तेव्हा मात्र त्याचा चेहरा पडला.

आणि तो भाव तरी कुणी वाढवला? वूलिचला 2022 साली एलिझाबेथ लाइनचं स्टेशन सुरू झालं. शहराच्या मध्यात काही मिनिटांत पोचता येऊ लागलं आणि आसपासच्या घरांच्या किमती चढल्या. ही वाढ भाडेकरूने केलेली नाही, कौन्सिलनेही नाही. सूट जर टक्क्यांत मोजली तर जिथे सार्वजनिक पैसा जास्त ओतला गेला तिथल्या भाडेकरूला सूटही जास्त. लंकाशायरच्या एखाद्या मंदावलेल्या गिरणीगावात तितकीच वर्षं भाडं भरलेल्या माणसाच्या वाट्याला येणारे पन्नास टक्के म्हणजे लंडनमधल्या रकमेच्या कुठल्या कुठे खाली. म्हणूनच सरकारांनी पौंडांतली कमाल मर्यादा घातली. ती 1999 पासून प्रदेशानुसार 22 ते 38 हजार होती, 2003 साली लंडनच्या बहुतेक भागांत 16 हजारांवर आली, 2012 साली एकदम 75 हजार झाली, वर्षभरात लंडनसाठी एक लाख. एकाच हक्काची किंमत प्रत्येक सरकारने आपल्या मर्जीने अशी वरखाली केली.

कौन्सिलच्या भाडेकरूला फुकटचं मिळालं असं म्हणून नाक मुरडणारे लोक इथे पुष्कळ आहेत आणि त्यातले बहुतेक स्वतःच्या बंगल्यात राहतात. त्यांना मी एक आठवण करून देतो. घरकर्जाच्या व्याजावर त्यांना एप्रिल 2000 पर्यंत करात सवलत मिळत होती. राहतं घर विकून झालेल्या नफ्यावर आजही कर नाही. ती सवलत सरकारी तिजोरीतूनच जात होती, फक्त कुणी थॅचरबाईंसोबत चहा पिताना तिचा फोटो काढला नाही. तीस-तीस वर्षं भाडं भरूनही हाती काहीच न राहिलेल्या माणसाने त्यातला आपला वाटा मागितला, तर त्यात वावगं काय? 1930 च्या दशकात काहीशे पौंडांत बांधलेल्या घराचा खर्च भाड्यातून केव्हाच वसूल झालेला होता.

इथवर मी भाडेकरूच्या बाजूचा. पुढे नाही.

या व्यवहारात तिसरा एक पक्ष आहे आणि मूल्यांकनाच्या वेळी तो खोलीत नसतो. तो म्हणजे त्या घरात पुढे राहायला आलं असतं ते कुटुंब. कौन्सिलचं घर एका भाडेकरूसाठी बांधलेलं नसतं. एक गेला की दुसरा येतो, दुसरा गेला की तिसरा. घर विकलं की ही साखळी तुटते. सवलत सरकारने दिली असं आपण म्हणतो, पण ती दिली जाते या पुढच्या कुटुंबाच्या खिशातून. आज इंग्लंडमध्ये कौन्सिलच्या घरासाठी यादीत नाव असलेली कुटुंबं 13 लाखांवर आहेत.

विकलेल्या घराच्या जागी नवं घर बांधलं असतं तर हे नुकसान भरून निघालं असतं. पण खरी मेख तिथेच होती. विक्रीचे पैसे हातात आले तरी कौन्सिलांना ते घरं बांधायला मोकळेपणाने वापरता येत नव्हते. 1989 च्या कायद्याने तर विक्रीतले 75 टक्के जुनं कर्ज फेडण्यासाठी बाजूला ठेवायला लावले. 2012 साली ‘एका विक्रीमागे एक नवं घर’ अशी घोषणा झाली. ती पाळली गेली नाही, आणि मोठ्या सवलतीने विकलेल्या एका घराच्या पैशात नवं घर उभं राहणंही शक्य नव्हतं. हा हिशोब सरकारी अर्थतज्ज्ञांना कळत नव्हता असं मला वाटत नाही.

विकली गेली ती घरंही चांगली चांगलीच. अंगणवाली, जोडबंगली पद्धतीची, शाळेजवळची घरं आधी संपली. कौन्सिलकडे उरले ते उंच मनोऱ्यांतले फ्लॅट. विक्रीच्या वीस वर्षं आधी कुठल्या कारकुनाने कुणाला बंगली दिली आणि कुणाला बाराव्या मजल्यावर पाठवलं, यावर एकाच पिढीच्या दोन कुटुंबांची संपत्ती ठरली. फ्लॅट घेतलेल्यांपैकी कित्येकांना पुढे छप्पर आणि लिफ्टच्या दुरुस्तीची हजारो पौंडांची बिलं आली, ती गोष्ट वेगळीच.

‘इनसाइड हाउसिंग’ या नियतकालिकाने 2017 साली कौन्सिलांकडून माहिती मागवली, तेव्हा या योजनेत विकलेल्या फ्लॅटांपैकी सुमारे 40 टक्के फ्लॅट खाजगी भाड्याने दिलेले निघाले. माझ्या धंद्यातल्या माणसाला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. एकाच मजल्यावर एका दारामागे कौन्सिलचा भाडेकरू असतो आणि पलीकडच्या दारामागे दुप्पट किंवा त्याहूनही जास्त भाडं भरणारा. ते भाडं भरायला त्याला अनेकदा सरकारी मदत मिळते. काही कौन्सिला तर बेघर कुटुंबांना तात्पुरता आसरा द्यायला आपणच विकलेली घरं बाजारभावाने भाड्याने घेतात. स्कॉटलंडने 2016 साली ही योजना बंद केली, वेल्सने 2019 साली. इंग्लंडमध्ये 2024 ची कपात करणाऱ्या तेव्हाच्या गृहनिर्माणमंत्री अँजेला रेनर यांनी स्वतः 2007 साली स्टॉकपोर्टमधलं आपलं कौन्सिलचं घर याच योजनेत 25 टक्के सवलतीने घेतलं होतं. स्वतःचं साधल्यावर इतरांना दार लावलं, अशी टीका त्यांच्यावर झाली. मला ती पटत नाही. घर घेताना त्यांनी कायद्याने दिलेला हक्क वापरला. पुढे कायदा सुधारायची संधी आली तेव्हा तो सुधारला.

मग सवलत द्यावी की नाही? माझं मत असं की द्यावी, पण ती मालकाला देऊ नये, घराला द्यावी. आज नियम असा आहे की पाच वर्षांच्या आत घर विकलं तर सवलतीचा काही हिस्सा परत करावा लागतो. पहिल्या वर्षी सगळा, पुढे दर वर्षी कमी कमी. पाच वर्षं झाली की सगळं माफ. ही मुदतच काढून टाकावी. घर घेताना किमतीच्या जितके टक्के सवलत मिळाली, तितके टक्के घर बाहेर विकताना कौन्सिलला परत यावेत, मग विक्री सहाव्या वर्षी होवो की चाळिसाव्या. आणि तो पैसा नवं घर बांधण्याखेरीज कुठेही वापरता येऊ नये. ज्याला आयुष्यभर त्याच घरात राहायचं आहे त्याचं यात काहीच जात नाही. विकत घेतल्यावर पाच वर्षांनी ते बाजारात विकायचा ज्याचा बेत आहे, त्याचा बेत बिघडतो. बिघडू दे.

हे सगळं मुंबईपासून दूरचं वाटत असेल तर बीडीडी चाळींकडे पाहा. शंभर वर्षांपूर्वी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. त्यातल्या कित्येक खोल्या पोलिसांची सेवानिवासस्थानं होती. तिथे राहणाऱ्या पोलीस कुटुंबांना 500 चौरस फुटांचं घर 15 लाखांत द्यायचं 2022 साली ठरलं. त्याआधी हा आकडा 50 लाख होता, मग 25 लाख झाला. निवृत्तीनंतर पोलिसाने मुंबईत घर घ्यायचं कुठून, हा प्रश्न अगदी खरा आहे आणि 160 चौरस फुटांत काढलेल्या आयुष्याला काही मोल हवंच. पण सेवानिवासस्थान पदाला जोडलेलं असतं. उद्या साताऱ्याहून किंवा बीडहून भरती होऊन येणारा शिपाई कुठल्या खोलीत राहील? घोषणेच्या दिवशी तोही कुठे हजर नव्हता.

म्हणून यापुढे म्हाडाची वसाहत असो, महापालिकेची असो की पोलिसांची, भाडेकरूंना सवलतीत घर देण्याचा निर्णय जाहीर झाला की टाळ्या वाजवण्याआधी त्याची प्रत मागवा आणि दोनच कलमं शोधा. घर पुढे बाजारात विकलं तर सवलतीची रक्कम कुणाकडे जाणार, आणि आलेल्या पैशातून नवी भाड्याची घरं किती, कुठे आणि कधी बांधणार. ही कलमं सापडली नाहीत तर आपल्या आमदाराला, नगरसेवकाला पत्र लिहून ती मागा.