विष्णुशर्म्याची सोय

विष्णुशर्म्यानें तीन मूढ राजपुत्रांस सहा महिन्यांत नीतिनिपुण केलें, हें पंचतंत्रांतील उदाहरण शिक्षकांस वारंवार ऐकविलें जातें. परंतु त्याचे तिन्ही शिष्य एकाच पायरीवर होते, ही सोय कोणी ध्यानांत घेत नाहीं! माझ्या आठवीच्या संस्कृत वर्गांत एकास घरच्या पाठांतरामुळें शब्दरूपें मुखोद्गत, तर दुसऱ्यास जोडाक्षर वाचतांना घाम फुटे. फळ्यावर सुभाषित एकच असे; कोणी तें नुसतें स्पष्ट वाची, कोणी पदच्छेद करी, कोणी अन्वय लावी. वर्ग रेंगाळतो, अशी हुशारांची कुरकुर असे. एकदां मीं त्यांस विचारलें, “येथें चतुर्थीच कां?” रूप सर्वांस पाठ होतें, कारण कोणास सांगतां येईना. इतक्यांत शेवटच्या बाकावरून त्या अडखळणाऱ्या मुलाचा आवाज आला, “त्याला कांहीं द्यायचें आहे म्हणून, गुरुजी.” ‘संप्रदान’ हा शब्द त्यानें तोंवर ऐकलाही नव्हता.