पक्षातील प्रवास

परदेशी बिऱ्हाड करून राहिलेल्या माणसाकडे देशाहून वडीलधारी मंडळी यावयाची ठरली, की त्याची अवस्था लग्नघरच्या यजमानासारखी होते. विमानाची वेळ, थंडीचे कपडे, औषधांच्या पुड्या, आणि या सर्वांहून मोठा प्रश्न म्हणजे जेवण. आम्ही पतिपत्नी गेली काही वर्षे पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बन शहरात, नोकरीनिमित्त राहत आहोत. आमच्याकडे गोव्याहून आई, आईचे थोरले बंधू आणि मामी अशी तीन माणसे अठरा दिवसांकरिता आली, त्याची ही हकीकत. आई म्हणजे आम्हां दोघांपैकी कोणाची आई आणि कोणाची सासू, हे वाचकांनी विचारू नये. घरात ती दोघांचीही आईच आहे.

दिवस कोणते निवडावे यावर दोन महिने खल झाला. चवथ सोडून आई घराबाहेर पाऊल टाकणे शक्य नव्हते. देवीच्या नवरात्राला मखराची आरती चुकवणे तर त्याहून अशक्य. मधे उरला तो पितृपक्ष. “पक्षांत इतले पयस वचचें न्हय,” असे मामींचे स्पष्ट मत पडले. परंतु मामांनी, ज्यांचे वय एक्क्याऐंशी आहे, एकाच वाक्यात वाद मिटवला. ते म्हणाले, आपणांस जावयाचे आहे ते पक्षातच बरे. या म्हणण्याचा अर्थ तेव्हा कोणाच्याच ध्यानात आला नाही. तिथीचे श्राद्ध धाकट्या भावाने घरी करावे असे ठरले आणि मामींनी सामानात, इतर अनेक गोष्टींबरोबर, काळ्या तिळांची एक पुडी बांधून घेतली.

लिस्बन हे सात टेकड्यांचे शहर म्हणवते. त्या टेकड्यांवरील चढउतार आईच्या गुडघ्यांना मानवणारे नव्हते. म्हणून पहिले दोन दिवस आम्ही तिला ट्रामगाडीतून हिंडवले. खिडकीशी बसून ती दुकानांच्या पाट्यांकडे पाही आणि अमक्या पाटीवर काय लिहिले आहे म्हणून विचारी. कुलपे दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर ‘शाव्ह’ म्हणजे चावी; भट्टीवर ‘पांव’ म्हणजे पाव; बाजारात ‘कोव्ह’ म्हणजे कोबी; घरे विकणाऱ्याच्या कागदावर ‘जनेला’ म्हणजे खिडकी, आपले जनेल. लिलाव, फीत, बालदी, मेज, पगार, अननस. तिसऱ्या दिवशी ती मामींना म्हणाली, “पळय गे, आमचीं उतरां हांगा कशीं पावलीं?” चारशे एकावन्न वर्षांचा इतिहास तिने असा एका वाक्यात उलटा करून टाकला. ती दुरुस्त करण्याचे आमच्या मनात आले नाही.

मामा मात्र पाट्यांकडे पाहत नसत. त्यांना त्या वाचून दाखवाव्या लागत नव्हत्या. १९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा ते सतरा वर्षांचे होते आणि पणजीच्या लिसेवमध्ये शिकत होते. त्या शाळांतून मुलांना पोर्तुगालच्या नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे क्रमाने घोकाव्या लागत. मिन्यू, लीमा, काव्हादु, आव्ह, दोउरु, व्होउगा, मोंदेगु, तेजु, सादु, ग्वादियाना. ही माळ त्यांना अद्याप येते हे आम्ही लहानपणापासून ऐकले आहे. जुवारी कोठे उगम पावते हे मात्र कोणत्याही मास्तराने शिकवले नाही, असे ते नेहमी पुढे जोडतात. मुक्तीनंतर त्यांनी ती भाषा तोंडातून काढली नाही. घरी पोर्तुगीज कागदपत्र वाचून अर्थ सांगत. पण बोलणे नाही. विमानतळावर उतरताच त्यांनी आम्हांस बजावले होते, “ती भास हांव उलोवचों ना.” त्यामुळे तेजु नदी डोळ्यांसमोर आली तेव्हा ते तिच्या काठी बराच वेळ उभे राहिले, आणि बोलले ते इतकेच, की घोकली होती त्याहून रुंद आहे.

बेलें येथील जेरोनिमुश मठ पाहावयास सगळेच नेतात, आम्हीही नेले. १५०१ च्या सुमारास राजा मानुएल याने त्याचे बांधकाम सुरू केले आणि पूर्वेकडून येणाऱ्या मिऱ्यांच्या व्यापारावरील कराचा पैसा त्यात ओतला. दगडात दोरखंड, शिंपले, वेली असे कोरले आहे की पाहणाऱ्याची मान दुखू लागावी. आपल्या सोळाव्या शतकाची आठवण असणाऱ्याने हे सौंदर्य कसे पाहावे, हा प्रश्न आम्हांस तेथे दर खेपेस पडतो. ज्या काळात हे खांब उभे राहत होते, त्याच शतकात पुढे सासष्टीतील देवळे पाडली गेली आणि वेर्ण्याची म्हाळसा, केळशीची शांतादुर्गा, कुशस्थळीचा मंगेश नदी ओलांडून अंत्रुज महालात आले. आईची कुलस्वामिनी म्हाळसा. तिचे वेर्ण्याचे मूळ स्थान १५६७ साली उद्ध्वस्त झाले.

मठाच्या चर्चमध्ये शिरताच वास्को द गामाची समाधी आहे. १५२४ साली तो कोचीत वारला. अस्थी मागाहून पोर्तुगालात आल्या आणि १८८० साली या मठात. आम्ही आईला हे सर्व सांगितले. तिने मूर्तीकडे, तिच्या जोडलेल्या हातांकडे पाहिले आणि म्हणाली, “वास्को म्हणटकच म्हाका दामोदराचो सप्तो याद जाता.” श्रावणात त्या गावी दामोदराच्या देवळात चोवीस तास अखंड भजन चालते आणि आई तेथे माहेरच्या माणसांबरोबर जात आलेली आहे. तिच्या लेखी वास्को हे दामोदराच्या सप्ताहाचे गाव, आणि त्या नावाचा कोणी मनुष्यही होता ही तिला नव्याने कळलेली, फारशी महत्त्वाची नसलेली, बाब. पुढे एका कोपऱ्यात मेणबत्त्या लावणाऱ्या वृद्ध बायकांपाशी मात्र ती थांबली. शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्रिस सायबीण या बहिणी, हे गोव्यातील कोणत्याही बाईला सांगावे लागत नाही.

मठाशेजारीच १८३७ पासून चालणारे मिठाईचे प्रसिद्ध दुकान आहे. तेथील वाटीसारख्या गोड वड्यांत अंड्याचा बलक असतो. पोर्तुगालच्या जवळजवळ सर्व जुन्या मिठाया जोगिणींच्या मठांत बलकापासूनच निपजल्या. तेव्हा आमच्या मंडळींनी तेथे केवळ सुवास घेतला आणि पिशवीतून मुगाचे लाडू काढले.

तेथून किनाऱ्याकडेने कश्काइशपर्यंत आगगाडी जाते. वाटेत काशीयश नावाचे लहान स्टेशन लागते. ते नाव पुकारले गेले तसे मामा जागेवरून उठले आणि गाडी हलेपर्यंत उभे राहिले. समोरच्या बाईस वाटले, त्यांना उतरावयाचे आहे. ती पाय बाजूस घेऊ लागली. काशीयशच्या किल्ल्यातील तुरुंगात मोहन रानडे होते. सांगलीकडचा हा तरुण गोव्यात मराठी शाळामास्तर म्हणून आला, १९५५ साली जखमी अवस्थेत पकडला गेला, आणि गोवा मुक्त होऊन सात वर्षे उलटल्यावर, जानेवारी १९६९ मध्ये, सुटला. देश स्वतंत्र, आणि त्याच्यासाठी लढलेला माणूस परक्या किनाऱ्यावर कोठडीत! ही सात वर्षे आजच्या तरुणांना कोणी सांगत नाही, म्हणून येथे लिहिली.

सिंत्राच्या डोंगरातील राजवाड्यांविषयी प्रवासवर्णनांतून पुष्कळ लिहून झाले आहे. आम्ही मंडळींना तेथे एक भिंत दाखवली. पेन्या व्हेर्द नावाच्या त्या खाजगी वाडीचा मालक सोळाव्या शतकात गोव्याचा व्हाइसरॉय दों जुआंव द काश्त्रु हा होता. १५४८ साली तो गोव्यातच वारला. या वाडीत सोमनाथाकडील एक संस्कृत शिलालेख येऊन पडला. वाघेला राजा सारंगदेव याच्या कारकीर्दीतील, १२८७ सालचा, एका पाशुपत आचार्याने केलेल्या धर्मकृत्यांची व बांधलेल्या देवळांची नोंद करणारा हा लेख पुढे ब्यूलर या पंडिताने छापला. वाडीत प्रवेश नसल्यामुळे आमची मंडळी भिंतीबाहेर रस्त्यावर उभी राहिली. मामींनी भिंतीला हात लावून नमस्कार केला. मोटारीतून जाणारे प्रवासी वळून पाहत होते.

परंतु या अठरा दिवसांतील जी गोष्ट आम्ही कधी विसरणार नाही, ती देवळात घडली. लिस्बनच्या लुमियार भागात राधाकृष्णाचे मंदिर आहे. रस्त्याला नावच मुळी महात्मा गांधींचे. तेथील समाज बहुतांशी गुजराती. त्यांतील पुष्कळांची मुळे दीवमध्ये, आणि मधली एकदोन पिढ्या मोझांबिकात. तो देश १९७५ साली स्वतंत्र झाला त्या सुमारास ही कुटुंबे पोर्तुगालात आली. आरती झाली, प्रसाद वाटला. आई आणि मामी बायकांत जाऊन बसल्या आणि खुणांवर त्यांचे चांगले जमले. मामांच्या शेजारी त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ बसले होते. त्यांनी गुजरातीत काही विचारले. मामांना ते उमजेना. मामांनी मराठीत विचारले, मग कोंकणीत. त्यांना ते उमजेना. हिंदी दोघांचीही मोडकी. त्या गृहस्थांनी मग स्वाभाविकपणे, दीवच्या शाळेत शिकलेल्या पोर्तुगीजमध्ये, तुमचे गाव कोणते म्हणून विचारले.

आम्ही पाहत होतो. मामांनी राधाकृष्णाच्या मूर्तीकडे पाहिले, उपरणे सारखे केले आणि उत्तर दिले. पहिले वाक्य अडखळत आले, दुसरे जरा बरे, आणि मग साठ वर्षे बंद असलेली ती भाषा शुद्ध, जुन्या वळणाची, शाळेतल्या व्याकरणाने बांधलेली अशी वाहू लागली. ते काय बोलत होते? नद्या! त्या गृहस्थांनाही तीच माळ घोकावी लागली होती. दोघे म्हातारे देवासमोर मांडी घालून मिन्यूपासून ग्वादियानापर्यंत आले आणि मोठ्याने हसले. नंतर ती माळ थांबली आणि बोलणे हळू झाले. गृहस्थांनी आपल्या आजोबांच्या दीवच्या घराविषयी सांगितले, ते आता कुलूपबंद आहे. परतताना मामा गाडीत काहीच बोलले नाहीत. मामींनी प्रश्न विचारू नये म्हणून आईने त्यांना चिमटा काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा म्हणाले, “आतां पेनीश.”

पेनीश हे लिस्बनच्या उत्तरेस समुद्रात घुसलेले कोळ्यांचे गाव. तेथील किल्ल्यात सालाझारच्या राजवटीने राजकीय कैद्यांचा तुरुंग केला होता. १९४६ साली लोहियांच्या सभेनंतर गोव्यातील जे पुढारी पकडले गेले, त्यांना समुद्रापार आणून येथे डांबले. २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीनंतर तुरुंग रिकामा झाला. आज तेथे प्रतिकार आणि स्वातंत्र्य यांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. ज्या राष्ट्राने तुरुंग बांधला, त्यानेच तो जपून स्वतःच्या मुलांना दाखवावा, ही गोष्ट आम्हांस त्या मठाच्या सर्व कोरीव कामाहून मोठी वाटली. मामांचे मत वेगळे पडले; त्यांच्या मते हे उशिरा सुचलेले आहे. दोन्ही मते खरी असण्यास हरकत नसावी.

कोठड्या अरुंद आहेत. भेटीच्या खोलीत कैदी आणि त्याची माणसे यांच्यामध्ये काच असे. आई त्या काचेसमोर उभी राहिली आणि म्हणाली, गोव्याहून यांना भेटावयास कोण आले असेल? कोणी उत्तर दिले नाही.

किल्ल्यातून बाहेर पडून थोडे चालल्यावर पाण्यापर्यंत उतरता येईल अशी जागा मिळाली. मामांनी पादत्राणे काढली, धोतर नव्हते म्हणून पाटलोण गुडघ्यापर्यंत दुमडली, आणि मामींपुढे हात केला. मामींनी न विचारता तिळांची पुडी दिली. आम्हांस तेव्हा कळले की ती कशासाठी बांधली होती, आणि हेही कळले की मामींना ते पहिल्यापासून ठाऊक होते. तर्पणात पितरांनंतर गुरू, आप्त, सखा यांनाही पाणी देण्याची चाल आहे. मामांनी जानवे अपसव्य केले आणि दक्षिणेकडे तोंड करून एकेकाला नावाने पाणी दिले. पुरुषोत्तम काकोडकर. राम हेगडे. लक्ष्मीकांत भेंब्रे. आणि त्याच ओंजळीने त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा, जुझे इनासियु लॉयोला. शेवटच्या दोघांना गोत्र नव्हते. मामा क्षणभर थांबले, आणि दोघांनाही आपले गोत्र दिले.

शास्त्राला हे मान्य आहे की नाही, ते विद्वान सांगोत. पाणी फार थंड होते. मामींनी पदराने त्यांचे पाय पुसले, आई खडकावर बसून दहीभात वाढू लागली. किल्ल्याच्या बाजूने समुद्रपक्षी ओरडत आले तेव्हा आईने एक मूद बाजूस काढून खडकावर ठेवली. कावळे येथे दिसत नाहीत म्हणाली, हेच घेतील. आणि त्यांनी घेतली.

पॅरिसचे पुढचे चार दिवस यथासांग पार पडले. मनोऱ्याखाली छायाचित्रे निघाली, गीमे संग्रहालयात दक्षिणेकडचा नटराज पाहिला, मामींना आगगाडीत सर्दी झाली. कुन्हा १९५३ साली पोर्तुगालातून निसटून प्रथम याच शहरात पोहोचले होते. मामा नदीकाठी फिरताना ते सांगत राहिले, आता अधूनमधून मराठीत, अधूनमधून कोंकणीत. पेनीशहून परतताना मात्र एसटीसारख्या त्या गाडीच्या चालकाला त्यांनीच पुढे होऊन, टोपी काढून, पाच तिकिटे मागितली होती. चालकाने विचारले, आजोबा, हे पोर्तुगीज कोठे शिकलात? मामा म्हणाले, “गोंयांत,” आणि सुटे पैसे मोजून घेतले.